ओमेगामध्ये १८०° चा फरक: जुने निकाल वाचतील का?

बाह्यग्रहांच्या (इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या) कक्षा निरीक्षणांशी जुळवून बसवणाऱ्या आमच्या गटाच्या पायथन कोडमध्ये चिन्हाची चूक सापडली आहे. दुरुस्ती कुठे करायची ते कळलंय, पण साठवलेल्या जुन्या निकालांचं काय करावं हे ठरत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

अरीय वेगाचं (तारा आपल्याकडे येण्या-जाण्याच्या वेगाचं) फंक्शन ओमेगा (पेरिअॅस्ट्रॉनचा, म्हणजे ग्रह आणि तारा सर्वांत जवळ येतात त्या बिंदूचा कोन) ताऱ्याच्या कक्षेचा धरतं. अधिक्रमणाची (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याची) वेळ काढणारं फंक्शन मात्र ट्रू अनॉमली (त्या बिंदूपासून मोजलेला कक्षेतला कोन) आणि ओमेगा यांची बेरीज २७०° धरतं. म्हणजे तिथे तोच ओमेगा ग्रहाचा झाला (दोघांच्या ओमेगात १८०° चा फरक असतो). ताऱ्याचा असेल तर बेरीज ९०° हवी. नुसते वेग दिले किंवा नुसता प्रकाशवक्र (ताऱ्याच्या प्रकाशातल्या चढउतारांचा आलेख) दिला, तर सगळं छान बसतं. त्यामुळेच हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. दोन्ही एकत्र दिले की वेगाचा आयाम, म्हणजे के, ऋण येतो. त्यात निकाल छापणाऱ्या ओळीत के ला एबीएस (चिन्ह काढून टाकणारं फंक्शन) लावून ठेवलंय, त्यामुळे ऋण चिन्ह कधी दिसलंच नाही.

खात्रीसाठी एचडी ८०६०६ बी हा ग्रह घेतला. उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे त्याचं माप) ०.९३, आवर्तकाल १११.४ दिवस, ताऱ्याचा ओमेगा सुमारे ३०१°. हा ग्रह ताऱ्याच्या सर्वांत जवळ पोचण्याच्या सुमारे ३ तास आधी ताऱ्यामागे जातो आणि पुढे पाच-सहा दिवसांनी ताऱ्यासमोरून सरकतो. आमच्या कोडला ३०१° दिले की दोन्ही घटनांची अदलाबदल होते.

२७०° च्या जागी ९०° करून एबीएस काढतोय. पण जुन्या चेन्समध्ये (कोडने काढलेल्या संभाव्य किमतींच्या साठवलेल्या मालिकांमध्ये) ओमेगा नुसता १८०° ने सरकवला तर चालेल, की सगळं पुन्हा चालवावं लागेल? काही रन्सना क्लस्टरवर फार वेळ लागला होता.

प्रतिसाद:
के कसा सॅम्पल केला होता, म्हणजे त्याच्या किमती कशा निवडल्या होत्या, त्यावर सगळं अवलंबून आहे. कोनात १८०° मिळवले की कोसाइनचं चिन्ह बदलतं. म्हणून ऋण के आणि ग्रहाचा ओमेगा मिळून वेगाचा तोच वक्र देतात. के ला ऋण जायची मुभा असेल आणि ओमेगाचा प्रायर (आधीच धरलेली संभाव्यता) सगळीकडे सारखा असेल, तर एकत्रित रन्समध्ये के चं चिन्ह बदला, ओमेगा १८०° ने सरकवा, काम झालं. नुसत्या प्रकाशवक्राच्या रन्समध्ये फक्त ओमेगा सरकवा. नुसत्या वेगांच्या रन्सना, के धन असेल तर, हातही लावू नका.

के ऐवजी लॉग के (के चा लॉगॅरिदम) वापरलेल्या एकत्रित रन्स मात्र वाचणार नाहीत. तिथे के ऋण होऊच शकत नाही, त्यामुळे वेग आणि अधिक्रमण एकमेकांशी भांडतात. कक्षा जवळपास वर्तुळाकार असेल तर के शून्याकडे ढकलला जातो आणि ग्रहाच्या वस्तुमानाची नुसती वरची मर्यादा हाती लागते. तुमच्या यादीत असे 'हलके' ग्रह असतील तर आधी तेच पुन्हा चालवा.

ओमेगा घेऊन कुणी पुढे ताऱ्याची घनता काढली असेल तर तीही तपासा. उत्केंद्रता ०.४ आणि ओमेगा ९०° असताना चिन्ह चुकलं, तर घनतेत जवळपास १३ पट फरक पडतो.

आणि कोडमध्ये एक टेस्ट कायमची घाला: वर्तुळाकार कक्षेत अधिक्रमणाच्या क्षणी ताऱ्याचा वेग धनाकडून ऋणाकडे जाताना शून्य झाला पाहिजे.