मदत हवी आहे: रहस्यकथासंग्रहात ९७ ते ११२ पानंच नाहीत

कृष्णाकाठ (सांगली)
एका ज्येष्ठ रहस्यकथाकाराचा जुना कथासंग्रह रद्दीतून मिळाला आहे. शिवण पक्की आहे, पण ८१ ते ९६ ही पानं लागोपाठ दोनदा आली आहेत आणि पुढे थेट ११३. चौथ्या कथेचा शेवट गेला, पाचवीची सुरुवातही. पुस्तक आता बाजारात मिळत नाही. आकार ५ बाय सव्वासात इंच. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रतिसादात कोणी शेवट फोडला तर सगळंच मुसळ केरात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केल्यास नाव कळवतो.

पानं कुठे शोधावीत? आणि मिळाली तर बसवायची कशी? चौथीचा शेवट तेवढा मिळाला तरी चालेल.

जुळारी
पानं फाटलेली किंवा गळलेली नाहीत, ही बांधणीतली चूक आहे. पुस्तक १६ पानी फॉर्मात (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीत) छापलेलं आहे. ८१ ते ९६ हा सहावा फॉर्म, ९७ ते ११२ सातवा. फॉर्म जुळवताना सातव्याच्या जागी सहावाच पुन्हा उचलला गेला. म्हणजे दोष फक्त तुमच्या प्रतीत (फार तर आणखी काही प्रतींत) असेल, त्याच आवृत्तीची दुसरी प्रत बहुधा धड निघेल.

शोधताना पानांच्या आकड्यांवर विसंबू नका. नव्या आवृत्तीत टाइप बदलला की पानं सरकतात, कधी कथांचा क्रमही बदलतो. ९६ ची शेवटची ओळ आणि ११३ ची पहिली ओळ लिहून ठेवा आणि त्यावरून जुळवा. कथा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात आली असेल तर तोही मार्ग आहे, पण पुस्तकात घेताना लेखक मजकूर बदलतात. म्हणून तो दुसरा पर्याय समजा.

आणि पाचवीची सुरुवात सोडू नका, हे कळकळीने सांगतो. चौथीचा शेवट नसला तर तुम्हाला निदान कळतं की काहीतरी राहिलं. पाचवीची पहिली पानं नसली तर कळतही नाही. कोण कुठे बसलं होतं, कुलूप कोणी लावलं, घड्याळ किती वाजले दाखवत होतं, हे सगळं कसलेला लेखक तिथेच सहज बोलल्यासारखं सांगून टाकतो. ते न वाचता उलगडा वाचला तर तो ओढूनताणून आणलेला वाटेल आणि लेखकावर अन्याय होईल.

ग्रंथपाल_सातारा
आधी सांगलीचं जिल्हा नगर वाचनालय आणि साताऱ्याचं नगर वाचनालय, मग तालुक्यांची ‘अ’ वर्ग वाचनालयं. नुसतं ‘आहे का’ विचारू नका. रहस्यकथा हाताळून खिळखिळ्या होतात आणि निर्लेखित होतात (म्हणजे संग्रहातून काढून टाकतात), यादीत नाव राहतं. दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला प्रतीचा नंबर) घेऊन प्रत कपाटात आहे का ते बघायला सांगा. इथे जमलं नाही तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत पाठवायची असते, तीही शक्यता धरा.

वाचनालयाच्या प्रती बहुधा पुन्हा बांधलेल्या, कडेने टोचलेल्या असतात. झेरॉक्सवर दाबल्या तर कणा मोडतो आणि आतल्या ओळी काळ्या येतात. पुस्तक अर्धवट उघडून एकेका पानाचा वरून सरळ फोटो घ्या. स्वतःच्या वाचनासाठी १६ पानांची नक्कल चालते, ती नेटवर मात्र टाकू नका.

पुठ्ठा_दोरा
बसवणं सोपं आहे, कारण जागा तयार आहे. जादा सहावा फॉर्म काढायचा आणि सातवा तिथेच घालायचा, म्हणजे कण्याची जाडीही बदलत नाही.

तुमचा आकार क्राउन आहे, म्हणून दोन पानं शेजारी शेजारी ए-४ वर बसतील. (डेमी असतं तर उंची साडेआठ इंच, वरची ओळ कापली गेली असती.) चार कागद, दोन्ही बाजूंनी छपाई. सर्वात बाहेरचा: ११२–९७, पाठीमागे ९८–१११. मग ११०–९९, पाठीमागे १००–१०९. मग १०८–१०१, पाठीमागे १०२–१०७. सर्वात आतला: १०६–१०३, पाठीमागे १०४–१०५. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज २०९ आली नाही तर चुकलं.

तयार ए-४ रिम घेऊ नका. त्यातले तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. मधे दुमडलं की ते कण्याला आडवे पडतात, घडी तडकते आणि पानं फुगून उघडी राहतात. ए-३ कागद मधून कापून ए-४ करा, तंतू बहुधा कण्याला समांतर येतील. ७०–८० जीएसएमचा (जाडीचं माप) पिवळसर मॅपलिथो (पुस्तकछपाईचा साधा कागद) जुन्या कागदाशी जुळेल.

जादा फॉर्मच्या मधल्या घडीत, ८८–८९ मध्ये, दिसणारा प्रत्येक टाका ब्लेडने कापा. दोरा ओढू नका, शेजारचे फॉर्म सैल होतील. पानं आतून एकेक सोडवा. नवा फॉर्म घडीवर तीन भोकं पाडून सुती दोऱ्याने आधी स्वतंत्र शिवा, मग घडीच्या कडेला तीन मिलिमीटर खळ लावून ९६ आणि ११३ ला चिकटवा. खळ म्हणजे एक भाग मैदा, पाच भाग पाणी, पारदर्शक होईतो शिजवलेली. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, पण त्यातल्या तांब्यामुळे कागद लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो, तेव्हा नको. फेविकॉल वाळल्यावर पुन्हा सुटत नाही. सेलोटेप तर नकोच, काही वर्षांत तेलकट डाग सोडते.

कृष्णाकाठ
खूप आभार. पाचवीची पानंही शोधतो. सध्या पाऊस आहे, खळ वाळेल का?

पुठ्ठा_दोरा
दमट हवेत बुरशी धरते. चिकटवलेल्या दोन्ही कडांना बटर पेपर, त्यावर टिपकागद, वर दोन विटांचं वजन. टिपकागद पहिल्या तासाने बदला, मग सकाळ-संध्याकाळ. हाताला गार लागेनासं झालं की वाळलं. पानं मिळायला वेळ लागणारच असेल तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. तोवर जादा फॉर्म काढू नका, कण्याला त्याचा आधार आहे.