मदत हवी आहे: काँक्रीट कटर गरम झाला की पुन्हा सुरू होत नाही

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हातात धरून चालवायचा पेट्रोल कटर आहे. दोन स्ट्रोक, १४ इंची डायमंड ब्लेड. पाइप टाकण्यासाठी काँक्रीटमध्ये खाचा मारायचं काम त्यावरच चालतं. वर्षभर कुरकुर नव्हती. आता सकाळी तीन-चार झटक्यांत सुरू होतो, अर्धा तास झकास चालतो, पण पेट्रोल भरायला बंद केला की मेला. कितीही दोरी ओढा. वीस मिनिटं निवू दिला की मुकाट चालू.

प्लग नवा टाकला, कार्बोरेटर उघडून धुतला. ऑइल लिटरला २० मिली, मापानेच घालतो. दोरी पूर्वीपेक्षा हलकी लागते, आधी मला त्याचा आनंदच झाला होता. एअर फिल्टरला रोज संध्याकाळी कम्प्रेसरने हवा मारतो, त्यामुळे तिकडे शंका नाही.

आणखी एक. मशीनला पाण्याची जोडणी आहे, पण वापरत नाही. राडा होतो, आखलेली रेघ पुसते, शिवाय पाणी इंजिनात जाईल ही धास्ती. तोंडाला रुमाल बांधून कोरडंच कापतो. हल्ली संध्याकाळी खोकला येतो. कोणता मास्क घ्यावा?

प्रतिसाद १

"तिकडे शंका नाही" म्हणालात, माझी सगळी शंका तिकडेच आहे. जोराची हवा मारली की फिल्टरच्या कागदाला बारीक भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. करडी पूड लागली, तर धूळ आत जातेय. फिल्टर बसतो ती कड आणि कार्बोरेटर-सिलेंडरमधला रबरी तुकडाही वाकवून बघा, तिथे चीर असेल तर नवा फिल्टर टाकूनही उपयोग नाही.

दोरी हलकी लागणं म्हणजे कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, गेलंय. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा थंड असताना ऑइलच्या थराने कसंबसं धरतात, गरम झाल्यावर तो थर पातळ होतो आणि इंजिन घेत नाही. सायलेन्सर आणि कार्बोरेटर दोन्ही काढून दोन्हीकडून पिस्टन बघा. सायलेन्सरकडे उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलंय किंवा मिश्रणात हवा जास्त होतेय. कार्बोरेटरकडची बाजू चमक जाऊन पॉलिश पेपर मारल्यासारखी दिसली तर ती धुळीची करणी. काँक्रीटमधल्या वाळूत क्वार्ट्झ असतं, त्यापुढे ॲल्युमिनियमचा पिस्टन काय टिकणार!

प्रतिसाद २

खोलायच्या आधी गरम असतानाच प्लगवर ठिणगी येते का पाहा. इग्निशन कॉइलही तापल्यावर असाच दगा देते.

प्रतिसाद ३

इंजिनाचं होईल काहीतरी, मला तुमच्या खोकल्याची जास्त काळजी वाटते. आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि काम काय करता ते स्वतःहून सांगा. या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो आणि एकदा झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही. घातक कण इतके बारीक असतात की रुमालातून सरळ आत जातात. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीत घनमीटर हवेमागे फक्त ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, कोरड्या कटरचा ढग त्याच्या कैक पट पुढे जातो.

म्हणून मास्क नंतर, पाणी आधी. मिनिटाला निदान अर्धा लिटर, ब्लेडच्या दोन्ही बाजूंना. ते पाणी ब्लेडवर पडतं, इंजिनात नाही, उलट धूळ कमी उडाल्याने फिल्टरच जास्त टिकतो. शेवटी पाणी बंद करून ब्लेड काही सेकंद नुसतं फिरू द्या. राडा ओला असतानाच उचला, वाळला की पायाखाली पुन्हा धूळच. सिलेंडरबाहेरच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांत सुकला तर इंजिन तापतं ते वेगळंच.

पाणी असलं तरी मास्क लावाच, एफएफपी३ दर्जाचा (बारीक धूळ गाळणारा) आणि चेहऱ्याला चिकटून बसणारा. दाढी असेल तर कडेने गळतो. बंद खोलीत मात्र पेट्रोलचा कटर चालवूच नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मास्क अडवत नाही.

धागाकर्ता

ठिणगी गरमातही येते. फडकं मात्र करडं निघालं, आणि फिल्टर उजेडात धरला तर टाचणीने टोचल्यासारखे तीन ठिपके! पिस्टन कार्बोरेटरच्या बाजूने निस्तेज झालाय. उद्या डॉक्टरांकडे जातोय. पाणी लावून एक खाच मारली, रेघ मेणाच्या खडूने आखली तर पुसत नाही. आता नुसता पिस्टन आणि रिंगा बदलून भागेल का?

प्रतिसाद १

सिलेंडरच्या आत नख फिरवा. अडकलं तर सिलेंडरही बदला. गुळगुळीत लागला आणि आतला मुलामा कुठे उडालेला नसेल, तर पिस्टन-रिंगांवर भागेल. पण जोडण्याआधी क्रँककेस (पिस्टनखालचा कप्पा) नीट धुऊन घ्या, खाली बेअरिंगमध्ये तीच पूड बसलेली असणार. आणि फिल्टर नवाच घ्या. यापुढे त्याला हवा मारू नका, हलकेच आपटून झटका.