मदत हवी आहे: बाळंतपणानंतर बहिणीला उभं राहिलं की भोवळ येते

माझी धाकटी बहीण ९ दिवसांपूर्वी बाळंत झाली. नॉर्मल डिलिव्हरी, बाळ छान आहे. परवा पहाटे दूध पाजून उठली आणि बाथरूमच्या दारातच कोसळली. मिनिटभरात शुद्धीवर आली, पण माझी धडकी अजून गेलेली नाही. बाळ तेव्हा तिच्या हातात नव्हतं, हे नशीब.

लगेच दवाखान्यात नेलं. बसून बीपी १०४/६६, उभी केल्यावर ८२/५४. हिमोग्लोबिन ८.४. प्रसूतीत रक्त बरंच गेलं होतं, आता रक्तस्राव कमी आहे, तापही नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, दम लागला किंवा पुन्हा शुद्ध हरपली तर वेळ न घालवता या, असं डॉक्टरांनी बजावलंय. लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण त्यांनी मळमळतं म्हणून ती टाळते.

ज्या या त्रासातून गेल्यात त्यांनी कृपया सांगा, चक्कर थांबायला किती दिवस लागले? गोळ्या सोसत नाहीत म्हणून शिरेतून लोह कुणी घेतलंय का? डॉक्टरांना तसं विचारणार आहे.

आणि रात्रीचं काय करायचं? पाय हलव, दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बस, मग मला हाक मारून उठ, असं रोज सांगते. पण माझी झोप मोडू नये म्हणून ती एकटीच उठते.