मदत हवी आहे: पीसीसी अडकलंय, २२ दिवस उरलेत

रताळ्याचा_मळा
पीसीसीसाठी, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी, अर्ज करून २४ दिवस झाले. स्टेटस हलेना, पोलिस व्हेरिफिकेशन चालू एवढंच दाखवतंय. स्टेशनला तीन खेपा घातल्या. साहेब नाहीत, उद्या या, परवा या. आधार, लाइट बिल, रेशन कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स देऊन बसलोय. माझ्या हातात २२ दिवस आहेत, मग सगळं पाण्यात.

पासपोर्टवर जन्मगाव बेलगॉम आहे आणि आधारवर पत्त्यात बेळगावी. त्यातच अडकलं असणार. अॅफिडेव्हिट करून देऊ काय? अनुभव असेल त्यांनी लवकर सांगा. 'धीर धर' लिहिणार असाल तर लिहू नका.

कुंदा७७
कुठल्या देशासाठी? नोकरीचा व्हिसा की कायमचं राहायला? आणि २२ दिवस कशाचे? एवढं तरी लिही की गा, आम्ही काय ज्योतिषी आहोत?

निपाणीकर
नावाचा काही संबंध नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या १२ शहरांची नावं एकदम बदलली. बंगळूरचं बंगळुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी, त्यातच आपलं. पासपोर्ट ऑफिसला हे पाठ आहे. माझ्या बायकोच्या पासपोर्टवर बेलगॉमच आहे, पीसीसी बिनबोभाट मिळालं. अॅफिडेव्हिटवर पैसे घालू नको.

उगाचच
बेळगावी म्हणायचंच कशाला? बेळगाव म्हणा. पोस्टात, बँकेत, सगळीकडे मी बेळगावच लिहितो. पत्र येतंय की.

निपाणीकर
धागा कशावर आहे ते बघा राव.

रताळ्याचा_मळा
कॅनडा, पीआर, म्हणजे कायमचं राहायला. अर्ज करायचं आमंत्रण आल्यापासून ६० दिवसांत सगळी कागदपत्रं चढवायची असतात, त्यातले २२ राहिले. अपॉइंटमेंट बेळगावच्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात घेतली होती. तिथलं काम अर्ध्या तासात झालं, तक्रार नाही. पुढं अडलंय.

सर्वज्ञ_शहापूर
एवढी धावपळ कशाला? सेवा सिंधूवर, कर्नाटक सरकारच्या त्या साइटवर, पोलिस व्हेरिफिकेशन सर्टिफिकेटचा अर्ज टाक. आमच्या पोरानं कंपनीसाठी तेच काढलं, कुठं जावं लागलं नाही.

घटप्रभा
नको. ते इथल्या नोकरीसाठी चालतं. कॅनडाचं इमिग्रेशन भारतातून पासपोर्ट ऑफिसनं दिलेलंच पीसीसी मागतं. राज्य पोलिसांचं जोडलंस तर कागदपत्रं अपुरी म्हणून अर्ज परत येईल.

सर्वज्ञ_शहापूर
पोलिस शेवटी तेच की हो. स्टॅम्प पण त्यांचाच.

घटप्रभा
स्टॅम्प कुणाचा हे कॅनडा ठरवणार, आपण नाही. मी तीन वर्षांपूर्वी यातनंच गेले. रताळं, आता एवढं सांग: पासपोर्टवरचा पत्ता कुठला? सध्या कुठं राहतोस? गेल्या १० वर्षांत भारताबाहेर सलग सहा महिने कुठं होतास काय?

मस्कतवाला_काका
एक महत्त्वाचं सांगतो. पीसीसी हातात आल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, विसरू नका. भारत २००५ पासून त्याच्या करारात आहे. परराष्ट्र मंत्रालय आता थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीतूनच द्यावा लागतो. पासपोर्ट ऑफिसच्या पीसीसीला आधी राज्याचा शिक्का लागत नाही. मी मस्कतला जाताना हे माहीत नव्हतं, सोळा दिवस हॉटेलात काढले. जेवण मात्र चांगलं होतं.

रताळ्याचा_मळा
काका, कॅनडाच्या पीआरला अपोस्टिल लागत नाही. आधी पीसीसी तरी येऊ दे.

अक्का, २०१९ ते २२ दुबईत होतो. दुबई पोलिसांचं सर्टिफिकेट घरबसल्या आलंय, काही अडचण नाही. तिकडचं येतं आणि आपल्या घरचं येईना, हेच डोक्यात जातंय. पासपोर्ट २०१८ चा, पत्ता गडहिंग्लजच्या मावशीचा, कारण तेव्हा तिथं डिप्लोमाला होतो. सध्या गावी, बेळगाव शहराबाहेर. तालुक्याचं नाव नको टाकायला, उगाच तिथल्या कुणी वाचलं तर.

कुंदा७७
मग झालं! पासपोर्ट महाराष्ट्राचा, राहणं कर्नाटकात. आधी पासपोर्टवरचा पत्ता बदलून घे, मग पीसीसी.

निपाणीकर
२२ दिवसांत नवीन पासपोर्ट? आणि पासपोर्ट नंबर बदलला की कॅनडाच्या प्रोफाइलमध्ये तो पण बदलत बसायचं. काहीही सांगू नका. सध्याच्या पत्त्याचा पुरावा दिलाय, चौकशी त्याच पत्त्यावर होते. माझ्या भावाचा पासपोर्ट कागलचा, राहतो निपाणीत, पीसीसी झालं.

कुंदा७७
तुमच्या घरात सगळ्यांचं सगळंच होतं वाटतं.

घटप्रभा
भांडा नंतर. रताळं, स्टेशनमध्ये हवालदार नेमकं काय म्हणाला? शब्द न् शब्द लिही. 'साहेब नाहीत' हे कारण २४ दिवस पुरत नाही.

उगाचच
चहापाणी दिलं नसेल. सरळ आहे.

रताळ्याचा_मळा
आज परत गेलो. या वेळी दुसरा हवालदार होता, चांगला बोलला. कॉम्प्युटरवर बघून म्हणाला, 'हळे केस इदे', म्हणजे जुनी केस आहे. शहरातल्या स्टेशनकडनं त्याचं उत्तर आल्याशिवाय रिपोर्ट वर पाठवता येत नाही म्हणे.

ती केस कधीच संपली आहे. २०१३ ला १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत होतो, शंभरेक जणांवर घातली होती त्यात माझं नाव. २०१७ ला सगळे निर्दोष सुटलो. त्याचा इथं काय संबंध म्हणून लिहिलं नव्हतं.

निपाणीकर
हात जोडले रे बाबा. आम्ही दोन दिवस स्पेलिंगवर भांडतोय.

कोर्टकचेरी
आता कळलं. मी वकिलाकडे कारकून आहे, असले कागद रोज बघतो. चौकशी तुझ्या तालुक्याच्या स्टेशनकडे, म्हणजे जिल्ह्याच्या एसपींच्या हद्दीत. केस शहरातली. २०१३ ला शहरही एसपींच्याच हाताखाली होतं, २०१४ ला शहराचं पोलिस कमिशनरेट वेगळं झालं आणि शहरातली स्टेशनं तिकडं गेली. म्हणजे कागद एका ऑफिसातनं दुसऱ्या ऑफिसात जाऊन परत यायचा आहे. एफआयआरची नोंद लगेच दिसते, पण निकाल चढवायला कुणी बसत नाही. गडहिंग्लजला २०१८ ला अडलं नाही, कारण ते दुसरं राज्य. त्यांना ही नोंद दिसलीच नसणार.

त्यांच्या उत्तराची वाट बघू नको. निकालाची सर्टिफाइड कॉपी तूच काढ. केस नंबर आहे काय? नसेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा बेळगाव निवडून आपल्या नावानं शोध. २०१३ ची नोंद असली तर बरं, नाहीतर जुन्या वकिलाला गाठ, त्याच्या डायरीत असणारच. कोर्टाच्या कॉपी सेक्शनला अर्ज टाकताना 'परदेश व्हिसासाठी तातडीनं' असं लिही. झेरॉक्स घेऊन गेलास तर परत पाठवतील, शिक्क्याचीच पाहिजे. तीन प्रती काढ: एक तुमच्या स्टेशनला, एक एसपी ऑफिसच्या स्पेशल ब्रँचला, एक तुझ्याकडे. दोन्हीकडे पोच घे. पोच न घेता कागद टाकून आलास तर टाकला नाहीस असंच समज.

केस अजून चालू असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा नुसती नक्कल पुरली नसती.

उगाचच
सीमाभागात राहायचं म्हणजे हे आलंच. पण निर्दोष सुटलास ना? मग कॅनडाच्या फॉर्ममध्ये 'नो' टाक आणि मोकळा हो. त्यांना काय कळतंय इथलं.

घटप्रभा
हे मात्र अजिबात ऐकू नको. पीसीसी एक गोष्ट आणि तो फॉर्म दुसरी. त्यात विचारतात की तुझ्यावर कधी फौजदारी कारवाई झाली होती काय, कुठल्याही देशात. शिक्षा झाली काय एवढंच विचारत नाहीत. तुझं उत्तर 'होय' येतं. खाली दोन ओळीत कारण लिही, निकालाची कॉपी जोड. जमावाची केस, सगळे निर्दोष, ऑफिसर वाचून पुढं जाईल. 'नाही' लिहिलंस आणि त्यांना नंतर कळलं तर खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं अर्जच करता येत नाही. निर्दोष सुटलेल्या केससाठी पाच वर्षं घालवायची?

उगाचच
मी आपलं व्यवहाराचं सांगितलं.

कोर्टकचेरी
हा व्यवहार तुमच्या कुणाच्या पोरावर करून बघा आधी.

रताळ्याचा_मळा
हे मला ठाऊकच नव्हतं अक्का. मी 'नो' टाकूनच ठेवलं होतं, अजून सबमिट केलेलं नाही. बदलतो. वकील सापडले, नंबर मिळाला. पण उरलेल्या दिवसांत नाही आलं तर?

निपाणीकर
पीसीसीच्या अर्जाची पावती आणि उशीर का झाला याचं पत्र चढवून सबमिट कर. माझ्या मित्रानं तसंच केलं.

घटप्रभा
तो अगदी शेवटचा उपाय. चालवून घेतीलच असं नाही, ऑफिसरवर आहे. दुसरं, आमंत्रण नाकारता येतं. नाकारलंस तर प्रोफाइल परत उमेदवारांच्या यादीत जाते. काहीच न करता ६० दिवस उलटू दिलेस तर प्रोफाइलच जाते, नव्यानं भरायची. २२ मधल्या १५ व्या दिवशी ठरव, आत्ता नाही. तोवर पासपोर्ट सेवाच्या १८००-२५८-१८०० वर फाइल नंबर सांगून तक्रार नोंदवून ठेव. त्यानं पोलिस हलत नाहीत, पण तारखेसकट नोंद राहते, आणि ती पत्राला जोडता येते.

मस्कतवाला_काका
कॉपी सेक्शनला जाणार असशील तर सकाळी लवकर जा. दुपारी जेवायला उठले की संपलं. तिथं बाहेर मिरची भजी चांगली मिळायची, अजून आहे काय?

कोर्टकचेरी
आहे काका. पाव आता छोटा झालाय.

रताळ्याचा_मळा
९ दिवसांनी लिहितोय. नक्कल पाचव्या दिवशी मिळाली. स्टेशनला आणि स्पेशल ब्रँचला दोन्हीकडे दिली, पोच घेतली. स्पेशल ब्रँचमधल्या बाईंनी निकालाचं शेवटचं पान तेवढं वाचलं आणि म्हणाल्या, हे आधी आणलं असतं तर तुझा महिना वाचला असता. काय बोलणार. काल रिपोर्ट वर गेला, आज स्टेटस बदललंय. उद्या हेड पोस्टात जाऊन विचारतो. कॅनडाच्या फॉर्ममध्ये 'येस' केलंय, कारणाच्या चार ओळी झाल्या. अक्का, वेळ असेल तर पाठवू काय वाचायला?

घटप्रभा
पाठव. चारच्या दोन करू.

सर्वज्ञ_शहापूर
सेवा सिंधूवर असतं तर कधीच झालं असतं, पण असो.

नवा_सदस्य
नमस्कार, इथंच विचारतो. माझं पासपोर्ट व्हेरिफिकेशन पण महिना झाला अडकलंय. काय करावं?

कुंदा७७
केस आहे काय? आधी ते सांग.