मदत हवी आहे: वाशिष्ठी नदीतला गाळ मोजताना मोजमापातल्या चुकीसाठी मर्यादा किती धरावी?

नमस्कार. 22 जुलै 2021 च्या पुरापासून चिपळूणकरांना वाशिष्ठीतल्या गाळाची धास्ती आहे. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर एकाच पट्ट्याचं ड्रोन सर्वेक्षण करून दोन्ही उंची-नकाशांची वजाबाकी केली. प्रत्येकात उभी (उंचीतली) चूक साधारण 10 सेंमी. दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की 14, आणि 95 टक्के खात्रीसाठी जवळपास 28 सेंमी. त्याहून कमी फरक सोडला तर नदीतल्या बेटांवरचा गाळाचा पातळ थर हिशोबातूनच जातो, आणि तो तर दूरवर पसरलाय! झाडोरा आणि उघडी वाळू यांना वेगवेगळी मर्यादा लावावी का? शिवाय पाण्याखालचा तळ ड्रोनला नीट मिळत नाही. तिथे इकोसाउंडर (आवाजाच्या लहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र) वापरून दोन्ही मोजमापं कुणी जोडली आहेत का? कृपया सविस्तर सांगा.