एअरक्रू इक्विपमेंटचं काम सोडताना पहिला कागद कोणता: रिगरचा, ए अँड पीचा, की दोन्ही नकोत?

कॅनोपी

अमेरिकी हवाई दलात १पी०एक्स१ किंवा नौदलात पीआर म्हणून हेल्मेट, ऑक्सिजन मास्क, जी-सूट, हार्नेस, लाइफ जॅकेट, राफ्ट, पॅराशूट सांभाळणाऱ्यांना बाहेर पडताना ठरलेला सल्ला मिळतो: ‘ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं प्रमाणपत्र) कर.’ माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला कागद सीनियर पॅराशूट रिगरचा (पॅराशूट पॅक आणि दुरुस्त करणाऱ्याचं प्रमाणपत्र), आणि तोही गणवेश अंगावर असतानाच घ्यावा.

एफएएच्या (अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या) नियमांत ६५.११७ हे कलम खास लष्करी रिगरांसाठी आहे. नागरी उमेदवाराला लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लष्करी रिगरला फक्त नियमांवरची लेखी परीक्षा पुरते. अटी तीन: सेवेत असणे किंवा गेल्या १२ महिन्यांत सन्मानपूर्वक सुटलेला असणे, त्याच काळात रिगरचं काम केलेलं असणे, आणि ज्या प्रकाराचं रेटिंग हवं त्या प्रकारची किमान २० पॅराशूट देखरेखीखाली पॅक केलेली असणे. देखरेख करणारा लष्करी रेटिंगवाला असला तरी चालतो. १२ महिने उलटले की ही सवलत संपली, मग सगळं पहिल्यापासून.

शिवाय मास्टर रिगरसाठी ३ वर्षांचा अनुभव आणि दोन प्रकारांची प्रत्येकी १०० पॅकिंग लागतात, त्यातही लष्करी देखरेखीखालचं काम धरलं जातं. इतका स्वस्त सौदा दुसऱ्या कुठल्याही प्रमाणपत्रात नाही.

फ्लॅपर_व्हॉल्व्ह

कलम बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. २० पॅकिंग कुठून आणायची? लढाऊ स्क्वाड्रनमध्ये पॅराशूट इजेक्शन सीटमध्ये बसलेलं असतं आणि दिवसाचं काम असतं मास्कचे व्हॉल्व्ह, जी-सूटची गळती, नाइट व्हिजन गॉगलचा फोकस. लॉफ्टमध्ये (पॅराशूट पॅक करण्याच्या जागेत) नेमणूक मिळाली नाही तर आकडा भरतच नाही. आणि रेटिंग प्रकारानुसार मिळतं: सीट, बॅक, चेस्ट, लॅप. नागरी काम जवळजवळ सगळं बॅक प्रकारात, थोडं सीट प्रकारात. चेस्टचं रेटिंग घेऊन स्कायडायव्हिंगच्या लॉफ्टमध्ये गेलात तर पुन्हा २० पॅकिंग आणि प्रात्यक्षिक आहेच.

त्यातून बॅकचं रेटिंग असलं तरी हात वेगळा लागतो. लष्करात २८ फुटी गोल सी-९ कॅनोपी घडी घालणाऱ्याला चौकोनी, हवा भरून पंखासारखं उघडणारं रॅम-एअर रिझर्व्ह (राखीव पॅराशूट), ते ज्यात घडी करून ठेवतात ती फ्रीबॅग आणि एएडी (ठरलेल्या उंचीवर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) यांची सवय नसते. क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारी दोरीची कडी) लांब राहिली तर पायलट च्यूटची (मोठी कॅनोपी बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटची) स्प्रिंग नीट दाबली जात नाही आणि कंटेनर सैल बसतो. आखूड झाली तर रिपकॉर्डचा ओढ-जोर २२ पौंडांच्या मर्यादेपलीकडे जातो. लूप एएडीच्या कटरमधून ओवायची राहिली तर यंत्र वेळेवर चालेल, पण कापायला काही नसेल. कागद हातात आहे म्हणून हे येत नाही.

माझा कौल एस्केप स्लाइड (आणीबाणीत प्रवाशांना विमानातून उतरवणारी फुगती घसरगुंडी) आणि राफ्टच्या रिपेअर स्टेशनला. राफ्ट आणि लाइफ जॅकेट फुगवणं, गळती शोधणं, ठिगळ लावणं, घडी घालून फुगवणाऱ्या गॅसची बाटली जोडणं हेच तिथलं रोजचं काम. सुरुवातीला स्वतःचं प्रमाणपत्रही लागत नाही.

टॉर्क_सील

‘लागत नाही’ हेच तर दुखणं आहे. प्रमाणपत्राशिवाय तुम्ही काम करता, पण ते सेवेत परत सोडण्याची सही दुसरा करतो. सहीचा अधिकार हवा तर रिपेअरमन सर्टिफिकेट: १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव किंवा ठरलेलं प्रशिक्षण, आणि मालकाची शिफारस. ते त्याच मालकाकडे, त्याच कामापुरतं चालतं. नोकरी बदलली की अधिकार मागेच राहिला. ए अँड पी तुमच्या नावावर असतो, कुठल्याही हँगरमध्ये नेता येतो. दोन्ही रेटिंगसाठी ३० महिने, एकासाठी १८ महिने अनुभव, किंवा पार्ट १४७ ची (एफएए-मान्य मेकॅनिक प्रशिक्षणाची) शाळा.

कॅनोपी

@टॉर्क_सील, तो अनुभव एअरफ्रेम किंवा पॉवरप्लांटवरचा हवा. ६५.७७ मध्ये स्पष्ट आहे. हेल्मेटचं फिटिंग आणि मास्कची चाचणी यांतून ३० महिने भरत नाहीत. शीट मेटल, हायड्रॉलिक, इंजिन यांना हात न लावलेल्या माणसानं इन्स्पेक्टरसमोर सेवाकाळ मांडला तर परत पाठवणारच. शेवटी शाळेत जायचं असेल तर खुशाल जा, पण तो नवा धंदा शिकणं झालं. आपण बोलतोय आहे त्या कौशल्याबद्दल.

@फ्लॅपर_व्हॉल्व्ह, २० चा मुद्दा मान्य. म्हणूनच ‘गणवेश असतानाच’ म्हटलं. सुटायच्या वर्षभर आधी लॉफ्टमध्ये फिरती मागायची. एक गोष्ट मात्र हटकून चुकते. पॅराशूटचा लॉग पॅराशूटबरोबर युनिटमध्येच राहतो, माणसाच्या हाती पुरावा उरत नाही. वरिष्ठाकडून सहीचं पत्र तेव्हाच घ्या: प्रकार, प्रत्येक प्रकारची संख्या, कालावधी, देखरेख करणाऱ्याचं रेटिंग. ‘अनेक पॅराशूट पॅक केली’ असल्या पत्राचा काडीचा उपयोग नाही.

ग्रोमेट

आणखी एक वाट कुणी बोललंच नाही. केंद्र सरकारी कामगार श्रेणीत डब्ल्यूजी-४८१८ ही मालिकाच या कामाची आहे, माजी सैनिकांना प्राधान्यही मिळतं. तीच उपकरणं, तीच टेक ऑर्डर (लष्करी देखभाल पुस्तिका). कागदांची ही सगळी चर्चाच टळते.

टॉर्क_सील

टळते, पण काम तळावरच असल्यामुळे तळापासून दूर राहायला जायचा प्रश्न सुटत नाही.

फ्लॅपर_व्हॉल्व्ह

४८१८ मध्ये गेलेल्याला नंतर बाहेर यायचं झालं तर तोच तिढा काही वर्षांनी उभा राहतो, एवढं मात्र खरं.

स्लाइड शॉपबद्दल थोडं सविस्तर. लष्करातून आलेला माणूस तिथे कुठे अडखळतो ते ठरलेलं आहे. पहिलं, गळती चाचणी. चेंबर फुगवून तासन्‌तास ठेवतात आणि दाब किती उतरला ते पाहतात. गेजवर २.५ पीएसआय असेल तर वातावरणासह निरपेक्ष दाब सुमारे १७.२. खोली २० अंश सेल्सिअसवरून १७ वर आली तर गळती अजिबात नसताना गेज जवळजवळ ०.१८ पीएसआय खाली दिसेल. तापमान आणि बॅरोमीटरची दुरुस्ती न करता निकाल लिहिला की चांगली स्लाइड नापास होते. सकाळी थंड आणि दुपारी तापणाऱ्या शॉपमध्ये उलटंही होतं: गळकी स्लाइड पास. हे दुसरं जास्त वाईट.

दुसरं, ठिगळ. चिकटद्रव दोन भागांचा असतो, मिसळल्यावर तो वापरण्याची मुदत ठरलेली, हवेतली आर्द्रताही मर्यादेत हवी. पृष्ठभाग घासताना कोटिंग उडून कापडाचा धागा दिसला तर ठिगळ कडेनं धरेल आणि मधून झिरपेल. तिसरं, घडी. हवा पूर्ण काढली नाही तर पॅक जाड होतो आणि कव्हर लेस होत नाही (दोरीनं आवळून बंद होत नाही). मग कुणीतरी जोर लावतो आणि इन्फ्लेशनची केबल चुकीच्या वळणावर अडकते.

हे कौशल्य राफ्टवर हात बसलेल्याकडे अर्धं आधीच असतं. उरलेलं अर्धं म्हणजे कागद: सीएमएमची (निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेची) चालू आवृत्ती, वापरलेल्या मालाचा बॅच आणि मुदत, ८१३०-३ (दुरुस्त भाग सेवेत सोडण्याचा एफएएचा फॉर्म). लष्करात चूक युनिटच्या नावावर जाते, इथे तुमच्या सहीवर.

बाटली_तपासनीस

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण या धाग्यातली सगळ्यात दुर्लक्षित नोकरी तीच. राफ्ट, स्लाइड, ऑक्सिजन, सगळ्यांना सिलिंडर लागतो आणि त्याची हायड्रोस्टॅटिक चाचणी परिवहन खात्याच्या नियमानं होते. ३एए पोलादी बाटली दर ५ वर्षांनी. हलकी ३एचटी दर ३ वर्षांनी, आणि तिचं आयुष्य २४ वर्षं किंवा ४,३८० भरणी, जे आधी संपेल ते. शॉपला पुनर्पात्रतेचा (बाटली पुन्हा वापरायला पात्र ठरवण्याचा) आयडी नंबर लागतो, म्हणजे प्रशिक्षित माणसाला मागणी आहे. भरलेल्या बाटल्या पाठवायच्या तर घातक मालाचं प्रशिक्षण दर ३ वर्षांनी.

त्याला जोडून अग्निशमन दलाच्या एससीबीएची (पाठीवरच्या हवेच्या बाटलीसह श्वसनयंत्राची) देखभाल. मास्कची फिट टेस्ट ओशाच्या (अमेरिकी कामगार सुरक्षा विभागाच्या) नियमानं वर्षातून एकदा. संख्यात्मक पद्धतीत अर्ध्या मास्कला किमान १००, पूर्ण मास्कला ५०० फिट फॅक्टर (बाहेरच्या आणि मास्कच्या आतल्या कणांचं प्रमाण). वैमानिकाच्या गालाजवळून मास्क का गळतो हे ज्याला कळतं, त्याला हे नव्यानं शिकवावं लागत नाही. तेलकट हात ऑक्सिजन फिटिंगला लागू न देण्याची सवयही आयती. रिगरचा कागद इथे कुणी विचारत नाही.

कॅनोपी

विचारत नाहीत, पण घेतलेला कागद वाया जातो असंही नाही. मात्र एक बाजू मी मघाशी सांगायला हवी होती: तो नुसता भिंतीवर टांगून चालत नाही. गेल्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस रिगरचं काम केलेलं असावं, नाहीतर काम येतं हे एफएएला दाखवावं लागतं. आणि सीनियरला मोठी दुरुस्ती किंवा बदल करता येत नाही, त्याला मास्टरच हवा.

काम मात्र आटत नाही. कृत्रिम धाग्याचं रिझर्व्ह दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा पॅक करावंच लागतं. ग्लायडर आणि एरोबॅटिक्सवाल्यांच्या इमर्जन्सी पॅराशूटलाही तोच नियम. एक ग्राहक वर्षातून दोनदा येतो.

टॉर्क_सील

दोनदा येतो, पण मोसमात. हिवाळ्यात उड्या थांबतात तिथे लॉफ्टही थंड. एकट्या रिगिंगवर घर चालवायचं तर शिलाईचं काम हवं: हार्नेस, कंटेनर, बारटॅक आणि झिगझॅग मशीनवर हात. हार्नेसची मोठी दुरुस्ती परत मास्टरकडे.

सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांपर्यंत स्किलब्रिजमधून (सेवा संपताना नागरी ठिकाणी काम शिकू देणाऱ्या लष्करी योजनेतून) नागरी शॉपमध्ये काम करता येतं. किती दिवस मिळतील ते दल, हुद्दा आणि कमांडर ठरवतो. ते दिवस लॉफ्टमध्ये घालवावेत असं मी कुणाला सांगणार नाही. रिगरची लेखी परीक्षा सुट्टीच्या दिवशी देता येते. रिपेअर स्टेशनचे दिवस पुढे त्याच ठिकाणी नोकरी मिळाली तर १८ महिन्यांच्या अनुभवात दाखवता येतील, फक्त कामाची नोंद तारखेनिशी ठेवा आणि सुपरवायझरची सही दर आठवड्याला घ्या, शेवटी एकदम नको.

फ्लॅपर_व्हॉल्व्ह

म्हणजे परीक्षा रिगरची आणि स्किलब्रिज स्लाइड शॉपचं. @कॅनोपी, ‘पहिला कागद’ तुमचा धरला तरी पहिली नोकरी माझीच निघाली की.

कॅनोपी

नोकरी तुमची असू दे. पण २० पॅकिंगचं पत्र आधी, कारण त्याला मुदत आहे आणि तुमच्या शॉपला नाही.