डेव्हलपरांच्या कामाच्या वेगातील तफावत : आपले अनुभव

1968 साली सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकच प्रोग्राम दुरुस्त करायला अनुभवी प्रोग्रामरांना लागलेल्या वेळेत 28 पटींपर्यंत फरक आढळला होता. प्रयोगाचा मूळ हेतू निराळा होता, आणि कामाच्या वेगवेगळ्या पद्धतींचे व भाषांचे आकडे एकत्र मिसळल्याने हा फरक फुगला, अशी रास्त टीका पुढे झाली. तरीही ‘दहापट डेव्हलपर’, म्हणजे इतरांच्या दहापट काम उरकणारा प्रोग्रामर, ही कल्पना आपल्या क्षेत्रात ठाण मांडून बसली आहे. आपण प्रत्यक्ष काय पाहिले, ते कंपनीचे नाव टाळून लिहावे.

बँकिंग प्रणाली, पुणे

आमच्या टीममधल्या एक ज्येष्ठ बाई तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी व कामे) बंद करण्याच्या तक्त्यात कायम तळाशी असत. एकदा महिनाअखेरीची व्याजाची बॅच (सर्व खात्यांची एकगठ्ठा प्रक्रिया) अडकली आणि आम्ही सारे लॉग, म्हणजे प्रणालीने ठेवलेल्या नोंदी, उपसत बसलो असताना, त्यांनी खाते क्रमांक पाहून एवढेच विचारले, “ही शाखा विलीन झालेली आहे का?” जुन्या शाखेच्या सांकेतिक क्रमांकातली सुरुवातीची शून्ये डेटा स्थलांतरात गळाली होती आणि दुरुस्ती एका ओळीची निघाली. पुढे त्याच बाई दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्या, तेव्हा तिथली प्रणाली अंगवळणी पडेपर्यंत त्यांचा वेग चारचौघांसारखाच होता. त्यामुळे ही तफावत माणसात किती आणि त्या प्रणालीशी असलेल्या जुन्या ओळखीत किती, हे मला आजवर वेगळे काढता आलेले नाही.

टेस्टिंग, बंगळुरू

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही, कारण काही जण खरोखरच वेगवान असतात. मात्र आमच्याकडच्या सर्वांत वेगवान गृहस्थांचे कोड रिलीज झाले की पुढचा आठवडा बाकीच्यांचा बग निस्तरण्यात जाई, आणि तो वेळ त्यांच्या खाती कुणीच मांडत नसे.

प्रॉडक्ट कंपनी, मुंबई

मोजमापाचेच पाहा. 1982 मध्ये ॲपलच्या लिसा संगणकावर काम करताना बिल ॲटकिन्सन यांनी कोड सुटसुटीत व कितीतरी वेगवान केला आणि आठवड्यात लिहिलेल्या ओळींच्या रकान्यात ‘उणे 2000’ असा आकडा भरला. आमच्याकडे ओळी नाहीत, स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठे याचे अंदाजे गुण, आहेत. ते अप्रेझलला जोडल्यापासून तीनचे काम पाचचे झाले, एवढाच काय तो फरक.

सध्या जर्मनीत

डीमार्को आणि लिस्टर यांनी 1980च्या दशकात घेतलेल्या प्रोग्रामिंगच्या स्पर्धांत एकाच कंपनीतून आलेल्या दोघांची कामगिरी बहुधा सारखीच निघाली, आणि वरचा क्रम मिळवणाऱ्यांना शांत जागा व कमी व्यत्यय लाभलेले होते. पुण्यात असताना माझी खुर्ची सपोर्टच्या फोनांशेजारी होती. इथे खोलीचे दार बंद करता येते. त्यामुळे इथे आल्यावर माझा वेग वाढला याचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही.

फ्रीलान्सर, नाशिक

एआयबद्दल कुणीच लिहिलेले नाही. मेटर या संस्थेच्या 2025च्या प्रयोगात 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना एआय साधनांसह 19 टक्के जास्त वेळ लागला, मात्र आपण 20 टक्के वेगाने काम केले असे त्यांना वाटत होते. माझ्या बाबतीत नव्या फॉर्मची स्क्रीन चुटकीसरशी होते, पण ग्राहकाच्या जुन्या जीएसटी हिशेबाच्या कोडमध्ये एआयने सुचवलेली प्रत्येक ओळ ताडून पाहावी लागते, आणि त्या वेळेचे पैसे ग्राहकाकडे कसे मागायचे, हा माझा सध्याचा प्रश्न आहे.